रजा आणि गैरहजेरी

सत्र संपत आले की महाविद्यालयाच्या सूचनाफलकापुढे गर्दी जमू लागते. वणी असो, पुसद असो, दारव्हा-उमरखेड असो की खुद्द यवतमाळ, चित्र सगळीकडे सारखेच. फलकावर एक कागद डकवलेला असतो. 'खालील विद्यार्थ्यांची उपस्थिती ७५ टक्क्यांपेक्षा कमी असल्यामुळे' अशी त्याची सुरुवात असते. पुढचे वाक्य कोणी वाचत नाही. बोट यादीवरून खाली सरकत जाते आणि आपल्या नावापाशी थांबते.

या यादीतली काही नावे अशी असतात की त्यांच्याबद्दल वाईट वाटून घेण्याचे कारण नाही. प्रवेश घेतला, ओळखपत्र घेतले, एस.टी.चा पास काढला आणि वर्गाचे तोंड पाहिले नाही, असे विद्यार्थी पूर्वीही होते आणि आजही आहेत. पण त्याच यादीत एम. ए.च्या दुसऱ्या वर्षाची एखादी मुलगी असते. ती दिवाळीच्या सुमारास बाळंत झालेली असते. एखादा एम. कॉम.चा मुलगा असतो. ऐन हंगामात त्याचे वडील गेले आणि सात एकरांची पऱ्हाटी त्याच्या अंगावर पडली. एखादा एम. एस्सी.चा विद्यार्थी असतो. थंडी सुरू झाली की त्याचे हातपाय असे दुखतात की चार-चार दिवस खाटेवरून उठता येत नाही. ही तीन माणसे मी मनाने उभी केली आहेत. पण या जिल्ह्यात दहा वर्षे शिकवलेल्या कोणत्याही प्राध्यापकाला विचारावे, तो आपल्या आठवणीतली खरी नावे त्यांच्या जागी घालून दाखवील. यादी मात्र या सर्वांना आणि त्या सिनेमाला जाणाऱ्यालाही एकाच शब्दात बांधते : गैरहजर.

त्याच इमारतीत, कार्यालयाच्या कपाटात, दुसरे एक रजिस्टर असते. ते कर्मचाऱ्यांच्या रजेचे. त्यात किरकोळ रजा असते, अर्जित रजा असते, दुखण्याची रजा असते, प्रसूती रजा असते. प्राचार्यांना रजा असते तशी शिपायालाही असते. कोणी चार दिवस आले नाही तर त्या चार दिवसांना एक नाव मिळते आणि पाचव्या दिवशी तो माणूस मान खाली न घालता कामावर येतो. विद्यार्थ्यांच्या हजेरीपटात मात्र दोनच खुणा. आला किंवा आला नाही.

मराठीत हे दोन शब्द निराळे आहेत, ते उगीच नव्हे. रजा म्हणजे सांगून जाणे, कारण देऊन जाणे आणि परत येण्याचा वायदा करून जाणे. गैरहजेरी म्हणजे नुसते नसणे. आपल्या पदव्युत्तर विद्यार्थ्याला रजा नाही. त्याच्या वाट्याला फक्त गैरहजेरी आली आहे. प्रश्नाचे मूळ इथे आहे.

घर, शेत आणि दुखणे

बारावीच्या मुलाची हजेरी आणि पदव्युत्तर विद्यार्थ्याची हजेरी या एका मापाने मोजण्याच्या गोष्टी नाहीत. एम. ए., एम. एस्सी. करणारा विद्यार्थी बावीस-तेवीस वर्षांचा असतो, पीएच. डी. करणारा तिशीतला, कधी चाळिशीतला. तो विद्यार्थी असतोच, पण कोणाचा तरी बाप असतो, शेताचा धनी असतो. ती विद्यार्थिनी असते, पण कोणाची सून असते, आई असते. आयुष्यातल्या मोठ्या घडामोडी याच वयात घडतात. लग्न, बाळंतपण, आई-वडिलांचे आजारपण, घराची जबाबदारी हे सारे नेमके त्या दोन-पाच वर्षांत येते आणि हजेरीपटाला यातले काहीच ठाऊक नसते.

त्यात आपला जिल्हा कापसाचा. मृग लागला की पेरणी, मग निंदण-डवरण, मग फवारणी. दसऱ्यापासून वेचणी सुरू होते ती थंडीभर चालते. हिवाळी परीक्षांचे दिवसही साधारण तेच. मजूर मिळत नाही, मिळाला तर परवडत नाही. मग घरातला शिकणारा मुलगा हाच मजूर होतो. २०१७ साली फवारणी करताना विषबाधा होऊन या जिल्ह्यात वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले आणि शेकडो लोक दवाखान्यात पडले. त्यांच्या उशाशी बसलेल्या मुलांमध्ये कॉलेजात शिकणारी मुले नसतील असे कोण म्हणेल? त्या आठवड्यांची हजेरी कोणत्या रकान्यात लिहायची?

शेतकऱ्याच्या आत्महत्येविषयी या जिल्ह्यातल्या वाचकाला नव्याने सांगायला नको. महाराष्ट्रात जाहीरपणे नोंदली गेलेली पहिली शेतकरी आत्महत्या म्हणून १९ मार्च १९८६ च्या ज्या घटनेचा उल्लेख होतो, ते कुटुंब महागाव तालुक्यातल्या चिलगव्हाणचे होते. बाप गेला की दिवसपाणी तेरा दिवसांत आटोपते. पण पुढचे काम तिथून सुरू होते. तलाठी, पोलीस पाटील, तहसील, बँक, सातबाऱ्यावरचा फेरफार, आणि प्रकरण पात्र ठरले तर शासनाच्या एक लाखाच्या मदतीसाठीचे कागद. या चकरा घरातला शिकलेला मुलगाच मारतो, कारण अर्ज लिहिता येतो तो त्यालाच. म्हणजे शिक्षणाने त्याला जे दिले त्याच्याच पायी त्याची हजेरी बुडते.

तिसरी गोष्ट दुखण्याची. विदर्भातल्या अनेक समाजांत, आणि आपल्याकडे कोलाम, गोंड, परधान, आंध या समाजांत, सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आढळतो. तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या होतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि सांध्यांत, पाठीत, छातीत असह्य कळा सुरू होतात. थंडी, अंगातले पाणी कमी होणे, अतिश्रम, ताप यांपैकी काहीही निमित्त पुरते. अशी कळ दोन दिवस राहते, कधी आठ दिवस. आणि ती ओसरली की मुलगा पुन्हा चारचौघांसारखा दिसतो. इथेच घात होतो. मोडलेला पाय दिसतो, प्लॅस्टर दिसते. ही कळ दिसत नाही. 'काल तर चांगला फिरत होतास!' हे वाक्य या मुलांनी किती वेळा ऐकले असेल ते त्यांनाच ठाऊक.

याखेरीज ज्यात कोणाचाच दोष नाही अशा गोष्टी आहेत. २०२१ च्या दिवाळीपासून २०२२ च्या एप्रिलपर्यंत एस.टी.चा संप चालला. झरी-जामणी किंवा घाटंजीच्या आतल्या गावातून कॉलेजला येणारी मुलगी त्या काळात कशाने येणार होती? जुलै २०२३ च्या पुरात महागाव तालुक्यात अडकलेल्या लोकांसाठी हवाई दलाची हेलिकॉप्टर पाठवण्याची वेळ आली होती. हजेरीपटात त्या दिवसांचीही तीच खूण असणार.

कायदा आहे, फलकावर नाही

वाचकांपैकी अनेकांना असे वाटेल की यावर कायद्यात काही सोयच नसावी. वस्तुस्थिती तशी नाही. सोय आहे, ती तालुक्याच्या गावापर्यंत चालत आलेली नाही, एवढेच.

विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१६ च्या नियमांत पीएच. डी. करणाऱ्या स्त्रियांना संपूर्ण कालावधीत एकदा, २४० दिवसांपर्यंत, प्रसूती किंवा बालसंगोपन रजा देण्याची तरतूद केली. नोव्हेंबर २०२२ च्या नव्या नियमांत ती कायम राहिली. पीएच. डी.साठी साधारण सहा वर्षांची मुदत. फेरनोंदणीने आणखी दोन वर्षे. आणि स्त्रिया व चाळीस टक्क्यांहून अधिक अपंगत्व असलेले विद्यार्थी यांना त्यावर आणखी दोन. १४ डिसेंबर २०२१ रोजी आयोगाने सर्व कुलगुरूंना पत्र लिहिले आणि पदवी व पदव्युत्तर विद्यार्थिनींसाठीही हजेरीत सूट, परीक्षेचा अर्ज भरण्यास मुदतवाढ अशा सवलतींचे नियम करावेत असे कळवले.

केरळात यापुढे पाऊल पडले. जानेवारी २०२३ मध्ये तिथल्या सरकारने राज्याच्या विद्यापीठांतील विद्यार्थिनींना मासिक पाळीच्या कारणासाठी हजेरीत दोन टक्के सूट दिली, म्हणजे ७५ ऐवजी ७३ टक्के. अठरा वर्षांवरील विद्यार्थिनींना साठ दिवसांपर्यंत प्रसूती रजाही दिली. मे २०२३ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयापुढे मीरतच्या विद्यापीठातील एम. एड.च्या एका विद्यार्थिनीचे प्रकरण आले. तिने ५९ दिवसांची प्रसूती रजा मागितली होती आणि नियमात तशी सोय नाही म्हणून ती नाकारली गेली होती. न्यायालयाने तो नकार रद्द केला आणि रजेचे दिवस धरून तिच्या हजेरीचा हिशेब पुन्हा करायला सांगितले. शिक्षण आणि मातृत्व यांपैकी एकाचीच निवड करण्याची वेळ कोणत्याही स्त्रीवर येऊ नये, हे त्या निकालाचे सार.

अपंगांच्या हक्कांचा २०१६ चा कायदा तर याहून स्पष्ट आहे. जुन्या कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते, नव्या कायद्यात एकवीस झाले, आणि त्यांत सिकलसेल, थॅलेसेमिया, हिमोफिलिया हे रक्ताचे आजारही आले. या कायद्यात 'वाजवी सोय' अशी एक कल्पना आहे. अपंग व्यक्तीला इतरांच्या बरोबरीने हक्क बजावता यावा म्हणून संस्थेने आपल्या पद्धतीत जो बेताचा, झेपण्याजोगा बदल करायचा, ती वाजवी सोय. आणि ती नाकारणे हाच भेदभाव, असे कायदा सांगतो. फेब्रुवारी २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने लेखनिकाच्या एका प्रकरणात हेही स्पष्ट केले की अशी सोय मिळण्यासाठी चाळीस टक्के अपंगत्वाची अट लावता येणार नाही. ती अट आरक्षणासारख्या लाभांपुरती. म्हणजे सिकलसेलच्या कळांनी आठ दिवस दवाखान्यात पडलेला मुलगा जेव्हा कार्यालयाच्या खिडकीपाशी उभा राहतो, तेव्हा तो दया मागत नसतो.

हे सारे नियम, पत्रे आणि निकाल दिल्लीहून निघतात, अमरावतीला विद्यापीठात पोचतात. आपले संत गाडगेबाबा अमरावती विद्यापीठ १९८३ साली स्थापन झाले आणि अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलडाणा, वाशीम हे पाच जिल्हे त्याच्या पदराखाली आले. उमरखेडहून विद्यापीठ दोनशे किलोमीटरच्या आसपास. तिथून इथवर यायला परिपत्रकाला फार वेळ लागतो, आणि आले तरी ते इंग्रजीत असते, फाइलीत असते. प्रवेशाच्या माहितीपत्रकात शुल्काचे पान असते, गणवेशाचे पान असते, शिस्तीचे तर असतेच. रजेचे पान बहुधा नसते.

चार वर्षांची सुट्टी

शिक्षणात खंड पडला की शिक्षण संपले, हा आपला जुना समज आहे. त्याला उत्तर देणारे उदाहरण आपल्याच इतिहासात आहे आणि ते आपण सर्वांनी शाळेत वाचलेले आहे. फक्त या नजरेने पाहिलेले नाही.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१६ साली न्यूयॉर्कहून लंडनला गेले. तिथे त्यांनी लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये नाव घातले आणि ग्रेज इनमध्ये बॅरिस्टरीसाठी प्रवेश घेतला. पण बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि १९१७ च्या उन्हाळ्यात अभ्यास अर्धा टाकून त्यांना परतावे लागले. आजच्या भाषेत बोलायचे तर हा एक पदव्युत्तर विद्यार्थी होता, ज्याचे पैसे संपले होते आणि ज्याच्या खांद्यावर करारातल्या नोकरीचे बंधन होते. प्राध्यापक एडविन कॅनन यांनी त्यांच्यासाठी शब्द टाकला आणि लंडन विद्यापीठाने ऑक्टोबर १९१७ पासून चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुढे चालू करण्याची परवानगी त्यांना दिली.

त्या चार वर्षांत काय काय झाले! त्यांचे सामान आणि पुस्तके घेऊन निघालेली बोट जर्मन पाणबुडीने बुडवली. बडोद्यात राहायला जागा मिळाली नाही. अपमान गिळून ते मुंबईला परतले. १९१८ च्या अखेरीस सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक झाले, पगारातून पै-पै शिल्लक टाकली. छत्रपती शाहू महाराजांची मदत आणि नवल भाथेना या मित्राचे कर्ज यांची जोड मिळाली आणि १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला गेले. १९२१ साली एम. एस्सी., १९२२ साली बॅरिस्टर आणि १९२३ साली 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी' या प्रबंधावर डी. एस्सी.

त्या परवानगीत विद्यापीठाने त्यांना एक गुणही जास्त दिला नाही. प्रबंध सोपा केला नाही. उलट परीक्षकांच्या आक्षेपांमुळे तो त्यांना सुधारून पुन्हा द्यावा लागला. विद्यापीठाने एवढेच केले, की दार लावून घेतले नाही. रजेचा अर्थ हाच. ती परीक्षेतली सूट नव्हे, तो परत येण्याचा हक्क आहे.

अर्थात बाबासाहेबांची चिकाटी प्रत्येकात नसते. पण म्हणूनच तर नियम हवा. असामान्य माणूस बंद दारावरही धडका देतो. नियम करायचा असतो तो सामान्य माणसासाठी; कारण तो बंद दार पाहून मागे फिरतो आणि पुन्हा त्या रस्त्याने येत नाही.

कागदावरची हजेरी

आता आक्षेपांकडे वळू. पहिला आक्षेप असा की रजेची सोय केली तर तिचा गैरवापर होईल. खोटे वैद्यकीय दाखले येतील. हा आक्षेप खोटा नाही. पण तो घेणाऱ्यांनी आपल्या भोवती एकदा नीट पाहावे. कित्येक ठिकाणी पदव्युत्तर वर्ग दुपारी ओस पडलेले असतात आणि सत्राच्या शेवटी हजेरीपट मात्र भरगच्च असतो. वर्ग चालू राहण्यासाठी विद्यार्थी हवेत, पद टिकण्यासाठी वर्ग हवा, शिष्यवृत्तीच्या अर्जाला हजेरीचा दाखला हवा. मग सगळे मिळून एका खोट्यावर मान डोलावतात. हे कोणा एका संस्थेचे वैगुण्य नव्हे. ते आपल्या सर्वांच्या अंगवळणी पडले आहे.

म्हणजे सवलत आजही मिळतेच. फक्त ती खोट्या हजेरीच्या रूपाने मिळते, आणि मागणाऱ्याला मेहेरबानी म्हणून मिळते. सरांशी ओळख असेल, संस्थेत कोणी नातलग असेल, काका पंचायत समितीत असतील, तर पंचाहत्तर टक्के आपोआप भरतात. ज्या मुलीला ओळख नाही, जिचा बाप खिडकीपाशी टोपी काढून उभा राहतो, तिचे नाव यादीत येते. नियम कडक असल्याने ती मागे पडत नाही. तो कडकपणा निवडक असतो, म्हणून ती मागे पडते. खरी रजा नाही म्हणून खोटी हजेरी चालते, आणि खोटी हजेरी चालते म्हणून खऱ्या रजेची गरज कोणाला जाणवत नाही. हे चक्र तोडायचे असेल तर खऱ्या कारणाला उघड, लेखी वाट दिली पाहिजे. ती दिली म्हणजे बिनकारण न येणाऱ्याला रोखण्याचा नैतिक अधिकारही महाविद्यालयाला मिळेल.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. प्रयोगशाळेत न आलेला रसायनशास्त्राचा पदवीधर किंवा वॉर्डात न आलेला डॉक्टर समाजाने का पत्करावा? हे बरोबर आहे. म्हणूनच रजा म्हणजे अभ्यासातून माफी नव्हे. बुडालेले प्रयोग करून घ्यायचेच. मात्र ते उन्हाळ्याच्या सुट्टीत करता आले पाहिजेत. चुकलेली अंतर्गत चाचणी द्यायचीच. पण दुसऱ्या तारखेला देता आली पाहिजे. जिथे एवढ्यानेही भागत नाही तिथे एक सत्र थांबून पुढच्या सत्रात यावे. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२१ साली श्रेयांक पेढीचे नियम केले. त्यानुसार मिळवलेले श्रेयांक सात वर्षांपर्यंत खात्यात जमा राहतात. खंड पडला तरी मिळवलेले बुडत नाही, हे तत्त्व नव्या व्यवस्थेने मान्यच केले आहे.

तिसरा आक्षेप सल्ल्याच्या रूपात येतो. 'जमत नसेल तर मुक्त विद्यापीठातून कर ना!' नाशिकचे यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९ साली निघाले आणि नोकरदारांचे, गृहिणींचे त्याने मोठे कल्याण केले. पण तिकडे स्वतःहून जाणे वेगळे आणि बाळंतपण आले म्हणून तिकडे लोटले जाणे वेगळे. मुक्त विद्यापीठ हे आपल्या पायांनी चालत जाण्याचे ठिकाण आहे. नकोशा विद्यार्थ्यांची पाठवणी करण्याची ती जागा नव्हे.

तिसरी खूण

मग करायचे काय? पैशाचे काम यात फार थोडे आहे.

हजेरीपटात तिसरी खूण आणावी. 'ह' आणि 'गै' यांच्या जोडीला 'र', म्हणजे रजा. मंजूर रजेचे दिवस एकूण दिवसांतून वजा करावेत. समजा, सत्रात ९० दिवस वर्ग झाले आणि ती मुलगी ५८ दिवस आली. आजच्या हिशेबाने तिची हजेरी ६४ टक्के, आणि तिचे नाव फलकावर. बाळंतपणाचे २० दिवस रजा धरले तर ७० पैकी ५८, म्हणजे जवळजवळ ८३ टक्के. मुलगी तीच, तिचे कष्ट तेच. फरक भागाकारात आहे.

रजेची कारणे विद्यापीठाच्या विद्या परिषदेने ठरवून द्यावीत : बाळंतपण, गंभीर वा वारंवार उद्भवणारे आजारपण, अपंगत्व, आई-वडील किंवा जोडीदाराचा मृत्यू, नैसर्गिक आपत्ती, वाहतूक बंद पडणे. निर्णय मात्र महाविद्यालयातच, आठ दिवसांत आणि लेखी व्हावा. बाळंतिणीला किंवा आजारी मुलाला अमरावतीच्या चकरा पडू नयेत. नकार दिला तर त्याचे कारण लिहावे. त्यावर दाद मागायला २०२३ च्या नियमांनी विद्यार्थी तक्रार निवारण समिती आणि लोकपाल यांची व्यवस्था केलेली आहेच. तिची माहिती फलकावर लावावी. सिकलसेलसारख्या आजाराचा कागद वर्षाच्या सुरुवातीला एकदा घ्यावा. दर कळेला नवा दाखला मागू नये, आणि तो कागद वर्गात वाचून दाखवू नये. हे सारे मराठीत एका पानावर मावते. ते पान प्रवेशाच्या अर्जाला जोडावे.

आणि थोडे घरातल्यांसाठी. रविवारी हा मजकूर वाचणाऱ्यांत पालक आहेत, सासू-सासरे आहेत, थोरले भाऊ आहेत. लग्न ठरले की 'आता कॉलेज कशाला?' असे पहिल्यांदा विचारतो तो प्राचार्य नसतो, आपण असतो. वर्गातून मिळणारी रजा पुरेशी नाही, घरातूनही रजा मिळावी लागते. परीक्षेच्या महिन्यात सुनेला स्वयंपाकातून, मुलाला वेचणीतून चार तास मोकळे करणे हेही त्या पदवीचे शुल्कच आहे. ते आपण भरायचे आहे. अडचण आली तर लपवू नये, तोंडी सांगून भागवू नये. अर्ज लिहावा, दाखला जोडावा, आणि अर्जाची पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नये. आपल्याकडे हक्क पुष्कळदा नुसत्या एका पोचपावतीसाठी अडून राहतो.

पुढच्या सत्राच्या अखेरीस तो कागद फलकावर पुन्हा लागेल. लागावाही, उगाच न येणाऱ्यांची यादी लागली तर कोणाची तक्रार नाही. पण त्या कागदाशेजारी आणखी एक छोटा कागद लागावा : अमुक इतके विद्यार्थी रजेवर होते, त्यांचे राहिलेले प्रयोग आणि चाचण्या अमुक तारखेपासून घेतल्या जातील. मग ती मुलगी बाळाला आईपाशी ठेवून येईल, आपले नाव शोधील आणि खाली दिलेली तारीख वहीत उतरवून घेईल.